‘क्रिकेट ०७’ : एक परामर्श

तरुणपणीं जीव लावलेली कृति पुष्कळ वर्षांनीं पुन्हां हातीं घेणें टीकाकाराला अवघड जातें. कृति तीच असते, रसिक बदललेला असतो. आणि आतां जो उणेपणा जाणवतो तो कोणाच्या पदरांत घालावयाचा, कृतीच्या कीं स्वतःच्या, याचा निवाडा लवकर होत नाहीं. असें असलें तरी हें काम कोणीं तरी केलें पाहिजे. ज्या कृतीचें नांव काढतांच एका सबंध पिढीची चर्या उजळते, तिच्याविषयीं टीका मौन धरून बसली म्हणजे सारें मैदान आठवणींना मोकळें सांपडतें. आणि आठवणींइतका सढळ हातानें गुण देणारा परीक्षक दुसरा नाहीं.

आज आम्ही ज्या कृतीचा विचार करणार आहों ती पुस्तक नव्हे, नाटक नव्हे, बोलपटहि नव्हे. ‘क्रिकेट ०७’ हा कॉम्प्युटरवर खेळावयाचा एक खेळ आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीनें आपल्या ‘ईए स्पोर्ट्स’ या नांवाखालीं तो २००६ च्या नोव्हेंबर महिन्यांत प्रसिद्ध केला. त्याची प्रत्यक्ष रचना मात्र कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत, एच. बी. स्टुडिओज या संस्थेंत झाली. ज्या देशांत क्रिकेट हा घरोघरचा खेळ नाहीं तेथील कारागिरांनीं तो घडवावा, आणि त्याचें वेड पुण्या-नाशकाच्या, सोलापूर-अकोल्याच्या पोरांना लागावें, हा योगायोग मोठा मजेचा खरा. असल्या विषयाला वाङ्मयविषयक मासिकांत जागा कां द्यावी, असा प्रश्न कोणी करील. त्याला आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, जी वस्तु रचलेली आहे, जिच्यांत कशाची तरी अनुकृति साधण्याचा यत्न आहे, आणि जिनें असंख्य तरुणांच्या कल्पनाशक्तीला वर्षानुवर्षें काम पुरविलें, तिची परीक्षा करणें हें टीकेच्या कक्षेबाहेरचें नाहीं. नाटकांविषयीं आणि पुढें कादंबऱ्यांविषयींहि एके काळीं हीच शंका काढली जात असे.

प्रथम काळाचा विचार करूं. हा खेळ निघाला तो क्षण क्रिकेटच्या इतिहासांत दोन युगांच्या उंबरठ्यावरचा होता. राहुल द्रविड भारताचा कर्णधार होता. २००७ च्या मार्चमध्यें वेस्ट इंडीजमधील विश्वचषकांत बांगलादेश आणि श्रीलंका यांच्याकडून हार खाऊन आपला संघ पहिल्याच फेरीनंतर घरीं परतला. त्याच वर्षीं २४ सप्टेंबरला जोहान्सबर्ग येथें पाकिस्तानला अवघ्या ५ धावांनीं हरवून धोनीच्या संघानें वीस षटकांचा पहिला विश्वचषक जिंकला, आणि १८ एप्रिल २००८ रोजीं आय.पी.एल. सुरू झाली. पुढें जें क्रिकेट आलें त्याची फारशी चाहूल ‘क्रिकेट ०७’ला लागलेली नाहीं. वीस षटकांचा सामना त्यांत आहे, पण तो बोलावून विसरलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यांत बसलेला आहे. अग्रपूजेचा मान पांच दिवसांच्या कसोटीला, आणि तिच्यांतहि इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या ‘ॲशेस’ मालिकेला दिलेला आहे. २००५ सालची ती मालिका इंग्लंडनें २-१ अशी जिंकली होती. तिच्यांतील एजबॅस्टनचा सामना तर केवळ २ धावांनीं. त्या मालिकेंतील प्रसंग आपण पुन्हां खेळावेत, आणि मग २००६-०७ सालची येऊं घातलेली मालिकाहि खेळावी, अशी योजना येथें केलेली आहे. (ती मालिका ऑस्ट्रेलियानें ५-० अशी जिंकली, तेव्हां इंग्लंडमधील दुकानदारांचा उत्साह कितपत टिकला असेल, कोण जाणे!) म्हणजे आमच्या पिढीनें ज्याला आपला खेळ मानलें तो मुळांत दुसऱ्यांच्या घरच्या भांडणाची कथा होता. आम्ही त्या कथेंत शिरलों ते मागल्या दारानें.

मागलें दार हा शब्द आम्ही जाणून वापरतों. हा खेळ दुकानांतून पुरे पैसे मोजून आणलेला मनुष्य आमच्या ओळखींत आम्हांला अद्याप भेटावयाचा आहे. कोणाच्या तरी मावसभावाकडून आलेली, मार्करनें नांव घातलेली सीडी वसतिगृहाच्या एका खोलींतून दुसरींत फिरत असे, आणि एका कॉम्प्युटरभोंवतीं सहा-सात जण दाटीवाटीनें बसलेले असत. आऊट झाला कीं उठावयाचें, हा गल्लींतला कायदा येथेंहि जसाच्या तसा लागू होता. आणि आऊट झालेला उठावयास तयार नसे, हाहि गल्लींतलाच शिरस्ता. प्लेस्टेशन २ या यंत्रासाठीं रचनाकारांनीं ‘सेंच्युरी स्टिक’ नांवाची एक नवी युक्ति काढली होती. एका दांड्यानें पाय हलवावयाचे, दुसऱ्यानें फटका मारावयाचा, अशी ती होती, आणि जाहिरातींत तिचा गाजावाजाहि झाला. आमच्या वांट्याला आला तो साधा कीबोर्ड. बाणांच्या कळा एका हाताखालीं, अक्षरांच्या तीन-चार दुसऱ्या हाताखालीं, आणि त्या अक्षरांवरची छपाई वर्षाच्या आंत पुसली जावयाची. ज्या नव्या युक्तीसाठीं हा खेळ घ्या म्हणून सांगितलें गेलें, तिच्यावांचूनच तो आमच्याकडे रुजला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आम्हीं हा खेळ गेल्या कांहीं आठवड्यांत पुन्हां खेळून पाहिला. तोहि मूळ स्वरूपांत, मागाहून झालेली कसलीहि दुरुस्ती न घालतां. गोलंदाज धांवत येऊं लागला कीं खेळपट्टीवर एक खूण उमटते. चेंडू जेथें टप्पा घेणार ती ही जागा. फलंदाजानें ती पाहावी, पाय पुढें टाकावा कीं मागें घ्यावा हें ठरवावें, दिशा धरावी, आणि वेळ साधून कळ दाबावी. फलंदाजीचें सारें शास्त्र एवढ्यांत आटोपतें. या कृतीचा गाभा येथेंच आहे, आणि आमच्या मतें तिचें सर्वांत मोठें वैगुण्यहि येथेंच आहे. क्रिकेटमधील फलंदाजीचा रस कशांत आहे? न कळण्यांत. चेंडू हातून सुटल्यापासून बॅटीपर्यंत येईतों जो अर्धा क्षण जातो त्यांत फलंदाजाला तर्क करावा लागतो, आणि तो तर्क चुकूं शकतो या भीतीवर खेळाचें सारें नाट्य उभें असतें. खूण दाखवून रचनाकारांनीं ती भीतिच काढून घेतली. कोणी म्हणेल कीं, ग्रीक शोकांतिकांतहि शेवट काय होणार हें सर्वांना आधींच ठाऊक असे. खरें आहे, पण तें प्रेक्षकांना ठाऊक असे, नायकाला नव्हे. येथें प्रेक्षक आणि नायक हे एकच गृहस्थ आहेत.

न्याय म्हणून दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पडद्यावर खोलीचा भास पुरता होत नाहीं. खऱ्या मैदानावर गोलंदाजाचें मनगट, त्याचा खांदा, चेंडूची शिवण यांवरून फलंदाज जें वाचतो, तें सारें चित्रांत उमटविणें त्या काळच्या घरगुती यंत्रांच्या आवांक्यांत नव्हतें. तेव्हां नैसर्गिक सूचनांच्या जागीं एखादी सांकेतिक सूचना ठेवणें भागच होतें. संस्कृत नाटकांत नट नुसत्या हातांनीं लगाम आवरतो आणि आपण रथ पाहतों. तशांतलाच हा संकेत. दोष संकेत असण्याचा नाहीं, तो फार बोलका असण्याचा आहे. नटानें लगाम आवरतां आवरतां ‘आतां घोडा डावीकडे वळणार’ असें ओरडून सांगावें, तसें कांहींसें हें होतें.

आणि यंत्राची ती बुद्धि! प्रतिपक्षाच्या वतीनें कॉम्प्युटर खेळतो तेव्हां त्याच्यापाशीं अनुभव म्हणून कांहीं सांठत नाहीं. एका जागीं, एका वेगानें पडलेल्या चेंडूवर त्याचा एक फलंदाज फसला, तर थोड्या वेळानें दुसराहि तसाच फसतो, आणि तिसऱ्यालाहि पहिल्या दोघांची वार्ता पोंचलेली नसते. आमच्या खोलींतील प्रत्येकाला एक हमखास चेंडू आणि एक हमखास फटका सांपडलेला होता, आणि तो दुसऱ्याला कळूं न देण्याची शर्थ चाले. त्या काळीं यालाच आम्ही कौशल्य समजत होतों. आज मूळ स्वरूपांतील पन्नास षटकांचा सामना आम्हांला एका बैठकीस पुरा करवला नाहीं. गोलंदाजी तर याहूनहि रुक्ष. जागा निवडावी, कळ दाबावी, निकाल पाहावा. क्षेत्ररक्षणाविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

मग उरलें काय? आमच्या मतें उरली ती लय. दोन चेंडूंच्या मध्यें या खेळांत कांहीं वेळ जातो. गोलंदाज पाठ फिरवून आपल्या खुणेकडे चालत जातो, कधीं फलंदाजाचा चेहरा जवळून दिसतो, मागें लोकांचा अखंड गुणगुणाट चाललेला असतो. कळ दाबून हा वेळ टाळतां येतो, आणि पोरवयांत आम्ही तो नेहमींच टाळीत असूं. या खेपेस मुद्दाम टाळला नाहीं. कसोटी सामना लावला, आणि पहिल्या तासांत धावा न करण्याचा निश्चय केला. तेव्हां ध्यानांत आलें कीं, रचनाकारांनीं धीराला येथें खरोखरीच मोल दिलेलें आहे. नवा फलंदाज आल्या-आल्या आडवेतिडवे फटके मारूं लागला तर बहुधा फसतो. कांहीं काळ तग धरून चेंडू नीट खेळत राहिला म्हणजे त्याचा आत्मविश्वास वाढत जातो, आणि तो पडद्यावर दिसतोहि. सोडलेला चेंडू, अडवलेला चेंडू, परतणारा गोलंदाज, पुन्हां चेंडू : या आवर्तनांत खऱ्या कसोटीची कांहीं तरी छाया आहे. कॅनडांतल्या त्या कारागिरांना क्रिकेटचें शास्त्र अर्धवट साधलें असेल, पण त्यांतील कंटाळ्याचें महत्त्व त्यांना कळलेलें होतें. आणि आम्ही ही लहान गोष्ट समजत नाहीं. पुढल्या काळांत प्रत्यक्ष क्रिकेटनेंच हा कंटाळा मैदानाबाहेर घालवून देण्याचा चंग बांधला, हें पाहतां तर तिचें मोल अधिकच वाटतें.

समालोचनाचें प्रकरण निराळें आहे. तें मार्क निकोलस आणि रिची बेनॉ यांच्या आवाजांत आहे. बेनॉ हे ऑस्ट्रेलियाचे एके काळचे कर्णधार, लेगस्पिन गोलंदाज, कसोटी क्रिकेटमध्यें दोन हजार धावा आणि दोनशें बळी हा जोडपराक्रम सर्वांआधीं करणारे. दूरचित्रवाणीवरील समालोचक म्हणून त्यांची कीर्ति ही मुख्यतः त्यांच्या न बोलण्याची कीर्ति होती. चित्र जें सांगतें तें तोंडानें पुन्हां सांगावयाचें नाहीं, हा त्यांचा दंडक. अशा मितभाषी माणसाचीं ठरावीक वाक्यें मुद्रित करून ठेवावीं, आणि यंत्रानें तीं वेळीं-अवेळीं, प्रसंग जुळो वा न जुळो, पुन्हां पुन्हां उच्चारावीं, याहून मोठी विडंबना ती कोणती? बाळ ज. पंडित यांचें मराठी धावतें समालोचन आकाशवाणीवर ऐकत जी पिढी वाढली तिला शब्दांतून मैदान उभें करण्याची सवय होती. येथें मैदान डोळ्यांसमोर आहे, आणि शब्द मात्र भलत्याच चेंडूविषयीं बोलत आहेत. चार-दोन सामने खेळलेल्या कोणालाहि तीं वाक्यें तोंडपाठ होत. ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता असे मित्रहि तीं त्याच हेलानें म्हणून दाखवीत, आणि गल्लींतल्या खऱ्या सामन्यांत कोणी झेल सोडला कीं बेनॉंच्या आवाजांत त्याचा उद्धार होई.

परंतु बेनॉ १० एप्रिल २०१५ रोजीं वारले. आणि शेन वॉर्न ४ मार्च २०२२ रोजीं, ५२ वर्षांचा असतां, अकस्मात् गेला. परवां आम्हीं ऑस्ट्रेलियाचा संघ घेऊन वॉर्नच्या हातीं चेंडू दिला. त्यानें दोन-चार पावलें चालत येऊन तो वळविला, फलंदाज चुकला, आणि एका थोर लेगस्पिनरच्या चेंडूवर दुसऱ्या थोर लेगस्पिनरचा आवाज आला. तें वाक्य आम्हीं पूर्वीं शेंकडों वेळां ऐकलेलें होतें. या वेळीं तें आम्हांला कंटाळवाणें वाटलें नाहीं. कृतीचा हा गुण तिच्या कर्त्यांनीं योजलेला नाहीं, काळानें तो तिला बहाल केला आहे. म्हणून आम्ही तो तिच्या जमेस धरीत नाहीं. मात्र त्याची नोंद केल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

आतां या कृतीच्या इतिहासांतील सर्वांत विलक्षण भाग. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या खेळाडूंचीं नांवें, पोषाख व चिन्हें वापरण्याचा परवाना कंपनीनें घेतलेला होता. भारताचा घेतलेला नव्हता. त्यामुळें फ्लिंटॉफ तो फ्लिंटॉफ, पाँटिंग तो पाँटिंग. आणि आमच्या संघांत मात्र सचिन तेंडुलकर नांवाचा मनुष्य नाहीं. त्याच्या जागीं कोणी एक आहे, पण त्याला परवान्याचें बंधन चुकविणारें भलतेंच नांव लावलेलें आहे. ज्या देशांत क्रिकेटपटूंचीं नांवें लहान पोरांना पाढ्यांच्या आधीं येतात, त्याच देशाचा संघ या खेळांत निनांवी! व्यापाराच्या दृष्टीनें याचीं कारणें असतील, आणि तीं समजण्यासारखींहि आहेत. पण रसाच्या दृष्टीनें हा केवढा विघात! न. चिं. केळकरांनीं काव्यानंदाची मीमांसा करतांना सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक आपली भूमिका न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेंतच त्याचा आनंद असतो, असें तिचें सार. पडद्यावरच्या खेळांना ही उपपत्ति नाटक-कादंबऱ्यांहूनहि अधिक चपखल बसते. बोटें आपलीं, बॅट त्याची. परंतु ज्याच्या भूमिकेंत शिरावयाचें त्याचें नांवच जर खोटें असलें, तर समाधि लागावी कशी?

ही अडचण पोरांनीं आपल्या हातांनीं दूर केली. आरंभ नांवांपासून झाला. खेळाडूंची यादी सुधारतां येत असे. कोणी एकानें एक रात्र जागून ती सुधारावी आणि इतरांनीं तिची नक्कल घ्यावी. मग खेळाच्या फायली उघडून कपड्यांचीं चित्रें बदलण्याची विद्या कोणाला तरी साधली, आणि भारताच्या अंगावर खरा निळा रंग चढला. त्यामागून बॅटींवरचे स्टिकर आले, चेहरे आले, मैदानें आलीं, धावफलकाची पट्टी दूरचित्रवाणीवरच्यासारखी झाली. या दुरुस्त्यांना ‘पॅच’ अगर ‘मॉड’ म्हणत. २००८ नंतर त्यांतूनच आय.पी.एल.चे संघ अवतरले. मूळ खेळ रचला गेला तेव्हां त्या स्पर्धेचा जन्महि झालेला नव्हता! कंपनीनें आपल्या या मालिकेंत ‘क्रिकेट ०७’नंतर दुसरा खेळ काढला नाहीं, हेंहि यामागचें एक मोठें कारण आहे. वारस असता तर लोक त्याच्याकडे वळले असते. वारस नव्हता, म्हणून त्यांनीं म्हाताऱ्यालाच दर वर्षीं नवे कपडे शिवले.

प्राचीन ग्रंथांच्या पाठभेदांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना हें सारें ओळखीचें वाटेल. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि यापुढें तींत कोणीं आपली ओवी घालूं नये असें बजावलें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेलें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९६६ सालीं पुरें झालें, तें तर अनेक शतकांच्या हातांनीं चढविलेले थर वेगळे करण्याचेंच काम होतें. एवढ्या थोर ग्रंथांच्या पंगतीला एका करमणुकीच्या वस्तूस बसवितां कीं काय, असें कोणी रागावून विचारील. पंगतीला बसवीत नाहीं. पण लोकप्रिय पाठाचें काय होतें याचा नियम दोन्हीकडे एकच दिसतो, एवढेंच आमचें म्हणणें. येथेंहि दोन पंथ आहेत. एक शुद्धिवाद्यांचा : २००६ सालचा द्रविडाचा संघ खऱ्या नांवांनीं आणि खऱ्या पोषाखांत उभा करावा, त्यापलीकडे कशाला हात लावूं नये. दुसरा पंथ चालू काळाचा : तेंडुलकर १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं आपला दोनशेंवा कसोटी सामना आटोपून वानखेडेवरून परतला, कीं यांच्या प्रतींतूनहि त्याचें नांव निघालें. टीकाकार म्हणून आमचा कौल पहिल्या पंथाकडे आहे. कारण वीस वर्षांपूर्वींच्या देहावर आजचे चेहरे चिकटवले म्हणजे चेहरा एकाचा आणि बॅट धरण्याची ढब दुसऱ्याची, असा अनौचित्याचा दोष पदोपदीं होतो. पण कृतीला जिवंत ठेवलें तें दुसऱ्या पंथानें, हेंहि नाकबूल करतां येत नाहीं. आणखी एक गंमत. ज्यांनीं त्या निनांवी संघाला नांवें दिलीं, ते स्वतः मात्र टोपणनांवांनींच वावरले. आज त्यांतील कोण कोठें नोकरीला आहे, कोणाला मुलेंबाळें झालीं, हें त्यांच्या प्रती खेळणाऱ्यांना ठाऊक नाहीं.

आमच्या पिढीच्या या प्रेमाचा उलगडा आम्हांला येथें होतो. निव्वळ तारुण्याच्या आठवणीनें तें टिकलें असें म्हणावें, तर त्याच वयांत खेळलेले दुसरे कितीतरी खेळ आज नांवानेंहि आठवत नाहींत. रचनेच्या श्रेष्ठतेनें टिकलें असें म्हणावें, तर ती श्रेष्ठता या परीक्षणांत आम्हांला आढळली नाहीं. आम्ही हा खेळ अपुरा घेतला आणि तो पुरा करण्यांत आमचे हात गुंतले. गळक्या घराची कौलें स्वतः चाळलेला मनुष्य त्या घराचे दोष सर्वांपेक्षां अधिक जाणतो, आणि तें सोडून जावयास मात्र सर्वांत शेवटीं तयार होतो. मग हा गुण खेळाचा कीं खेळणाऱ्यांचा? बहुतांशीं खेळणाऱ्यांचा, असें आम्ही म्हणूं. तरी त्या फायली उघडूं दिल्या, नांवें बदलूं दिलीं, दुबळ्या कॉम्प्युटरवरहि चालण्याइतका आपला पसारा माफक ठेवला, एवढें श्रेय कृतीला द्यावयास पाहिजे.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें तर २०१४ सालीं ऑस्ट्रेलियांतील बिग अँट स्टुडिओजनें काढलेला ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ घ्यावा. अनुकृति म्हणून तो कितीतरी सरस आहे. फलंदाजाला तर्क करावा लागतो, तर्क चुकतो, आणि पहिल्या दहा चेंडूंत खरी धास्ती वाटते. शिवाय ज्याला जे खेळाडू हवे ते घडवून घेण्याची सोय कर्त्यांनींच करून दिली. आम्हांला तो आवडला, आम्हीं तो पुष्कळ खेळला, आणि त्याची शिफारसहि करतों. पण खेळाडू घडविण्याची परवानगी तेथें आधींच मिळालेली असल्यामुळें त्या कामांत पूर्वींची ईर्षा राहिली नाहीं, हेंहि आमच्या मनानें नोंदवून ठेवलें.

एक काळजी मात्र बोलून दाखविली पाहिजे. या दुरुस्त प्रतींना कायद्याचा आधार नाहीं. मूळ वस्तु कंपनीची, नांवें खेळाडूंचीं, चिन्हें मंडळांचीं. त्यामुळें त्यांचा सांभाळ कोणत्या संस्थेनें करावा हा प्रश्नच उद्भवत नाहीं. त्या आहेत त्या कोणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर, आणि हार्ड डिस्क ही वस्तु पोथीइतकी टिकाऊ नाहीं. २००९ सालीं आमच्या खोलींत जी प्रत चाले ती आम्हीं या लेखासाठीं पुष्कळ शोधली. तिच्यांत कोणीं तरी आपल्या कॉलेजचा संघ घातलेला होता, आणि एक वर्षभर तो संघ ऑस्ट्रेलियाला नियमितपणें हरवीत असे. ती सांपडली नाहीं.

ज्यांना हा खेळ नव्यानें पाहावयाचा असेल त्यांनीं आधीं मूळ प्रत पाहावी. कसोटी सामना लावावा, समालोचन बंद करूं नये, आणि दोन चेंडूंमधील वेळ कळ दाबून टाळूं नये. मग भारताचा संघ निवडून खेळाडूंची यादी उघडावी. तेथें जीं नांवें दिसतील तीं सुधारावयास सुमारें अर्धा तास लागतो.